परीक्षेतील चिठ्ठी आणि इतरांचा हक्क



मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी इमामत करतो. असरनंतर लहान मुलांचा मकतब आणि इशानंतर शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांचा वर्ग, असा माझा दिनक्रम आहे. गेल्या वर्षी दहावीची परीक्षा सुरू असताना या मोठ्या वर्गात सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीचा धडा चालला होता. नेकी आणि ईशभय यांच्या कामांत एकमेकांना साहाय्य करावे, असा आदेश तेथे आला आहे. साहाय्याचे महत्त्व मी समजावून सांगत असतानाच नववीत शिकणाऱ्या एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला, "मौलाना, आज अब्बांनी भाईजानला शाळेच्या खिडकीतून चिठ्ठी दिली. भाईजान गणितात अडला होता. मग अब्बांना सवाब मिळेल ना?"

मुलाच्या आवाजात उपहास नव्हता. मी जे शिकवीत होतो ते त्याने आपल्या घराला लावून पाहिले होते, एवढेच. त्याचे वडील आमच्या मशिदीच्या पहिल्या सफमध्ये उभे राहतात; मशिदीच्या समितीवरही आहेत. माझे मानधन ज्या सह्यांनी निघते त्यांतील एक सही त्यांची आहे. "हा प्रश्न उद्या घेऊ," असे म्हणून मी दुआ केली आणि वर्ग संपवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मानधनाची भीती हे एक कारण होते, ते मी नाकारीत नाही. दुसरे कारण मात्र जुने होते. मदरशातून आलिमची सनद घेतल्यानंतर मी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मराठी विषयात बी.ए. केले. पहिल्या वर्षाच्या एका पेपरला मागच्या बाकावरील गृहस्थांनी कुजबुजत विनंती केली आणि मी माझी उत्तरपत्रिका किंचित बाजूला सरकवली. ते वयाने मोठे होते, नोकरीत होते आणि बढतीसाठी त्यांना पदवी हवी होती. मला त्यात गैर काही वाटले नाही. उलट वडीलधाऱ्या माणसाचा मान राखला असेच वाटले. हदीसचे सहा प्रमाणग्रंथ उस्तादांपुढे बसून शिकून आलेल्या माणसाला त्या तीन तासांत एकदाही जाणवले नाही की, आपण दीनविरुद्ध काही करीत आहोत.

असे का व्हावे, याचा विचार मी अनेकदा केला आहे. सहीह मुस्लिममध्ये आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली हदीस आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य व्यापाऱ्याने खाली दडवून ठेवले होते. ते वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे विचारून प्रेषितांनी (स.) बजावले की, फसवणूक करणाऱ्याचा माझ्याशी संबंध नाही. ही हदीस मला सनदीसह पाठ होती. पण ढीग धान्याचाच असतो, असे माझ्या मनाने धरून ठेवले होते. उत्तरपत्रिका हाही एक ढीग आहे, वर कोरडे आणि खाली ओले धान्य तेथेही ठेवता येते, हे मला कोणी दाखवले नव्हते आणि मीही शोधले नव्हते.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. सर्वप्रथम मला माझीच चूक दिसली. मी आयतीचा अर्धा भाग शिकवून थांबलो होतो. त्याच आयतीत लगेच पुढे पाप आणि अतिक्रमण यांच्या कामांत साहाय्य करण्यास मनाई आहे. पवित्र कुरआनने साहाय्य हे निव्वळ साहाय्य म्हणून पवित्र मानलेले नाही. ते कशासाठी आहे हे पाहूनच त्याचे मोल ठरवले आहे. आपल्या समाजात 'मदत' या शब्दाला इतके आंधळे प्रेम लाभले आहे की, या भेदाकडे आपले लक्ष जात नाही. भावाला मदत, जमातीला मदत, आपल्या माणसाला मदत, एवढे म्हटले की पुढचा प्रश्न विचारणारा माणूस उद्धट ठरतो.

मात्र केवळ 'हे पाप आहे' एवढे सांगून नववीतील मुलाचे समाधान होत नाही आणि होऊही नये. त्याला विचारण्याचा अधिकार आहे की, अतिक्रमण झाले ते कोणावर? चिठ्ठीने कोणाचे काय गेले? खिडकीतून कागद आत गेला, भावाने उदाहरण सोडवले, पर्यवेक्षकाने पाहिले नाही. तक्रार करणारा कोणी दिसत नाही.

याचे उत्तर 'साक्ष' या एका शब्दात आहे. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी आपल्या 'मआरिफुल कुरआन' या तफसीरमध्ये सूरह माइदाच्याच आठव्या आयतीचे विवेचन करताना साक्षीचा अर्थ न्यायालयापुरता न ठेवता तो परीक्षेच्या गुणांपर्यंत नेला आहे. गुण देणे ही साक्ष आहे आणि त्यात जाणूनबुजून कमीअधिक करणे ही खोटी साक्ष आहे. हा विचार पुढे नेला की गुणपत्रिका हे साक्षीचे पत्र ठरते. या विद्यार्थ्याला इतके गणित येते, अशी ती मंडळाच्या शिक्क्यानिशी जगाला साक्ष देते. ती पाहून आयटीआयमध्ये, तंत्रनिकेतनात, अकरावीत जागा दिली जाते. जागा मोजक्या असतात. म्हणजे चिठ्ठीचा कागद आत जातो, तेव्हा कोणत्या तरी गावातील, आपण कधीही न पाहिलेली, एखादी प्रामाणिक मुलगी यादीत एक क्रमांक खाली सरकते. ती फिर्याद देणार नाही, कारण आपले काही गेले हेच तिला कळणार नाही. ज्याचा फिर्यादीच अनभिज्ञ आहे असा हा हक्क आहे आणि म्हणूनच तो मारणे इतके सोपे आहे. खोट्या साक्षीची गणना प्रेषितांनी (स.) सर्वांत मोठ्या पापांत केली. आदरणीय अबू बकरा (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) टेकून बसले होते, पण या पापाचा उल्लेख करताना ते सरळ उठून बसले आणि ते शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारले की, आता थांबावे असे ऐकणाऱ्यांना वाटू लागले.

देशाचा कायदाही येथे मूक नाही. परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र अधिनियम आहे. पण कायदा भरारी पथकाची जीप दारात येईपर्यंत चालतो. ती गेल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे. हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेला उपदेश येथे आठवावा. एखादे कृत्य मोहरीच्या दाण्याएवढे असले आणि खडकात दडलेले असले, तरी अल्लाह ते हजर करील, असे त्यांनी मुलाला सांगितले. याच उपदेशात नमाज आहे, सत्कर्माचा आदेश आहे, लोकांपासून गर्वाने तोंड न फिरवणे आहे, ऐटीत न चालणे आहे आणि आवाज खाली ठेवणेही आहे. एका बापाने आपल्या मुलाला दिलेल्या शिकवणीत एकेश्वरत्व आणि रस्त्यावरची चालण्याची रीत शेजारी शेजारी आली आहेत. नागरिकशास्त्र एका तासाला आणि दीनियात दुसऱ्या तासाला, अशी विभागणी तेथे नाही.

ती विभागणी आपण केली आहे. आपली मुले सकाळी शाळेच्या परिपाठात प्रतिज्ञा म्हणतात. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ५१-क या अनुच्छेदात नागरिकांची दहा मूलभूत कर्तव्ये घातली आणि २००२ मध्ये सहा ते चौदा वयाच्या पाल्यास शिक्षणाची संधी देण्याचे पालकांचे अकरावे कर्तव्य त्यांत आले. हेही मुलांना नागरिकशास्त्रात शिकवले जाते. हीच मुले संध्याकाळी माझ्यासमोर कुरआन वाचतात. दोन्ही पाठ, दोन्ही अस्खलित. पण सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण हे घटनेतील कर्तव्य आणि अमानतीची कुरआनी शिकवण ही दोन्ही वर्गातील एकाच बाकाला लागू होतात, हे त्यांना उमगलेले नसते. कर्कटकाच्या टोकाने आपले नाव त्या बाकावर कोरणारा मुलगा कधी कधी माझा सर्वांत चांगला हाफिज असतो. आमच्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांतून २००९ मध्ये 'मूल्यवर्धन' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही मूल्ये भाषणांऐवजी जोडीने, गटाने करावयाच्या कृतींतून शिकवली जातात. मला ही पद्धत प्रेषितांच्या (स.) शिक्षणपद्धतीच्या फार जवळची वाटते. त्यांच्याकडे बालकांसाठी व्याख्याने क्वचितच आढळतात. प्रसंग मात्र विपुल आहेत.

त्यांतील एकच प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो. सहीह बुखारीत आदरणीय सहल बिन सअद (रजि.) यांचे कथन आहे. प्रेषितांपुढे (स.) पेयाचा प्याला आणला गेला. त्यांच्या उजवीकडे एक लहान मुलगा बसला होता आणि डावीकडे वयोवृद्ध सहाबा होते. स्वतः प्यायल्यानंतर प्याला उजवीकडे द्यावयाचा, हा नियम. प्रेषितांनी (स.) त्या मुलाला विचारले की, हा प्याला मी आधी या वडीलधाऱ्यांना देऊ का, तुझी परवानगी आहे का? मुलाने नम्रपणे नकार दिला. आपल्याकडून मिळणारा माझा वाटा मी दुसऱ्या कोणालाही देणार नाही, असा त्याचा आशय होता. प्रेषितांनी (स.) प्याला त्याच्या हाती ठेवला.

वाचकहो, या प्रसंगावर क्षणभर थांबा. सभेत थोर मंडळी आहेत. मागणारे स्वतः अल्लाहचे प्रेषित (स.) आहेत. हक्क बालकाचा आहे, म्हणून त्याच्याकडे परवानगी मागितली जाते आणि ती न मिळाल्यास ऐकलेही जाते. ज्याची पाळी त्याचा प्याला. आपण मुलांना रांगेचे महत्त्व सांगतो, पण रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, दाखल्याच्या खिडकीवर त्यांचा हात धरून पुढे घुसतो आणि 'लहान मूल सोबत आहे' म्हणून तेच निमित्तही करतो. मूल शिकते ते हातातून, कानातून नव्हे.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. मशिदीच्या हौदावर वुजूसाठी चारच नळ आहेत. मी मुलांना हा प्याल्याचा प्रसंग शिकवला आणि नळावर पाळीचा नियम केला. एका भरलेल्या ओंजळीइतक्या, म्हणजे एक मुद्द पाण्यात प्रेषित (स.) वुजू करीत असत, हे सांगून नळाशेजारी तेवढ्या मापाचे एक भांडेही ठेवले. आठवडाभर सारे सुरळीत चालले. मग एका शुक्रवारी एका ज्येष्ठ नमाजींनी दहा वर्षांच्या मुलाला बाजूला सारून नळ घेतला. मुलगा म्हणाला, "चाचा, माझी पाळी आहे." चारी बाजूंनी मुलावर आवाज चढले. मी मध्ये पडलो आणि सहल बिन सअद (रजि.) यांची हदीस तेथेच, भिजलेल्या फरशीवर उभा राहून ऐकवली. चाचा रागावून गेले. पुढच्या शुक्रवारी आले तेव्हा मुलांच्या मागे उभे राहिले. खुशीने की नाइलाजाने ते मी विचारले नाही.

आता मला माझ्या व्यवसायबंधूंना उद्देशून एक कडू गोष्ट सांगावयाची आहे. आमच्या मकतबांतून छडी अजून गेलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळांत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. मकतब त्या कायद्याच्या कक्षेत येते की नाही, याची चर्चा करीत बसण्यापेक्षा आदरणीय अनस (रजि.) यांची साक्ष पाहावी. बालपणापासून दहा वर्षे त्यांनी प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या काळात त्यांनी एकदाही 'उफ्फ' ऐकला नाही. केलेल्या कामाबद्दल 'का केलेस' आणि राहिलेल्या कामाबद्दल 'का केले नाहीस' असा जाबही त्यांना कधी विचारला गेला नाही. आणि मशिदीत लघवी करणाऱ्या त्या खेडुताची हदीस तर मदरशात पहिल्याच वर्षी शिकवतात. लोक त्याच्या अंगावर धावले, प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, बादलीभर पाणी ओतावयास सांगितले आणि मग त्या माणसाला शांतपणे मशिदीचा उद्देश समजावला. सार्वजनिक जागेची स्वच्छता शिकवण्याची ही रीत आहे. छडीने मूल छडी पाहते. छडी दिसेनाशी झाली की त्याला मोकळीक वाटते आणि परीक्षागृहात पर्यवेक्षक पाठमोरे झाल्यावर हीच मोकळीक चिठ्ठी होऊन बाहेर पडते. मीही छडी वापरली आहे. आता दोन वर्षे ती कपाटावर पडून आहे आणि आवाज चढवण्याची सवय सोडणे त्याहून कठीण जात आहे.

घराचा वाटा याहून मोठा आहे, पण त्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. फोन वाजल्यावर 'अब्बा घरी नाहीत म्हणून सांग' हे वाक्य ज्या घरात बोलले जात नाही असे घर विरळा. अबू दाऊदमध्ये आदरणीय अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) यांची बालपणची आठवण आहे. आईने त्यांना काही देते म्हणून बोलावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) काय देणार आहेस, असे विचारले. खजूर, असे तिने सांगितले. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असे त्यांनी तिला समजावले. मुलाला बोलावण्यासाठी केलेला खोटा इशाराही हिशेबात धरला गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गापूर्वी मी त्या मुलाच्या वडिलांकडे गेलो. पित्याचा दोष त्याच्या पुत्रासमोर उघडा करणे मला योग्य वाटले नाही. उत्तर मुलाला देणे तर भाग होते. मी त्यांना सांगितले की, आपल्या धाकट्याने असे विचारले आहे आणि मी आज असे असे उत्तर देणार आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मौलाना, पोरगं नापास झालं तर उद्या गॅरेजवर पाने धुवत बसेल. वर्षातले सहा महिने शाळेत गणिताला मास्तर नव्हता. तेव्हा तुमची हदीस कुठे होती?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्यांचे कृत्य चूक होते, पण गाऱ्हाणे खरे होते. एका मुलाच्या हक्कावर आधीच अतिक्रमण झाले होते आणि तेव्हा मशीद, समिती आणि मी, आम्ही सारे स्वस्थ होतो. चिठ्ठी हराम आहे एवढे सांगून मी मोकळा झालो असतो, तर तो सोपा हिशेब झाला असता. 'हिल्फुल फुजूल' या कराराची हकीकत मी कितीदा बयानात सांगितली आहे. प्रेषित्वापूर्वी मक्केत एका परक्या व्यापाऱ्याचा माल बुडवला गेला, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही मंडळी जमली आणि पीडित कोणीही असो, त्याचा हक्क मिळवून देऊ, अशी त्यांनी शपथ घेतली. तरुण मुहम्मद (स.) त्यात सहभागी होते, प्रेषित्व लाभल्यानंतरही, अशा करारासाठी बोलावणे आले तर मी आजही जाईन, असे ते म्हणत. करार करणारे सारे त्या काळचे मक्कावासी होते, मुस्लिम नव्हते. मी मात्र ही हकीकत केवळ अभिमानासाठी सांगत आलो होतो.

त्या संध्याकाळी मी वर्गात आयतीचा उरलेला अर्धा भाग शिकवला, साक्षीचा अर्थ सांगितला आणि उत्तरपत्रिका सरकवण्याचा माझा स्वतःचा किस्साही सांगितला. मुले अवाक् झाली. प्रश्न विचारणारा मुलगा मान खाली घालून ऐकत होता. नंतर समितीच्या बैठकीत त्याच्याच वडिलांनी विषय काढला की, गणितासाठी काही करावे. गावात एक निवृत्त गणित शिक्षक आहेत. धर्माने हिंदू, स्वभावाने कडक. मी आणि ते वडील मिळून त्यांच्याकडे गेलो. गुरुजींनी दोन अटी घातल्या: वर्ग वेळेवर सुरू होईल आणि कोणत्याही जातीधर्माचे मूल आले तरी बसू द्यावे लागेल. समितीतील एकाने मशिदीच्या खोलीत गैरमुस्लिम शिक्षक कसे, अशी शंका काढली. तेव्हा बद्रच्या युद्धकैद्यांची आठवण दिली. ज्यांच्याजवळ खंडणी नव्हती, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांना मदीनेच्या मुलांना लेखन शिकवण्याच्या बदल्यात मुक्त केले गेले. जूनपासून मगरिब आणि इशा यांच्या दरम्यान गुरुजींचा वर्ग भरतो. शेजारच्या गल्लीतील चार मुले आणि दोन मुलीही येतात.

तो धाकटा मुलगा यंदा दहावीत आहे. भूमिती बरी आहे, बीजगणित कच्चे. परवा वर्ग सुटल्यावर तो मागे रेंगाळला आणि त्याने विचारले, "मौलाना, भाईजानच्या मार्कलिस्टचे काय? ती तर आता तशीच राहणार." मी त्याला उलमांचे बहुमत सांगितले: पाप झाले आहे, त्यासाठी खरी तौबा हवी, पुढे त्या कामाची पात्रता प्रत्यक्ष अंगी आणून मनुष्य प्रामाणिकपणे काम करील तर त्या कामाची कमाई हराम ठरत नाही. म्हणजे गुणपत्रिकेने जी साक्ष दिली आहे ती आता तरी खरी करावी लागेल.

मुलाने हे घरी सांगितले असावे. सोमवारपासून त्याचा मोठा भाऊ गुरुजींच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसतो. तो आयटीआयला आहे, वयाने सर्वांत मोठा आहे आणि गुरुजी त्याला नववीच्या पुस्तकातील उदाहरणे सोडवावयास लावतात.